गुरुजी, ड्रोन उडवा: परसवाडा तालुक्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अशा गुरुजींसाठी आहे, ज्यांच्याकडे हौसेने घेतलेला ड्रोन आहे, पोरांना नदी-डोंगर डोळ्यांसमोर उभे करून दाखवायची खाज आहे आणि या उपद्व्यापाचा एक रुपयाही कोणी देत नाही. शेवटची अट महत्त्वाची. पैसे मिळत असतील तर पुढचं वाचू नका, वकिलाकडे जा. तोही पैसे घेऊनच काम करतो, तुमचं जमेल.

आता मूळ शंका. हौसेने उडवलेल्या ड्रोनचं चित्रण फुकट शिकवणीच्या व्हिडिओत वापरता येतं का? ही शंका बहुधा व्हिडिओ टाकून झाल्यावर, एखाद्या मेहुण्याने 'हे चालतं का हो?' असं विचारल्यावर येते. मेहुण्याला ड्रोनमधलं काही कळत नसतं, पण त्याने मनात किडा सोडलेला असतो. तो किडा काढायचा तर सुरुवात व्हिडिओपासून नव्हे, तराजूपासून करावी लागते.

पायरी पहिली: ड्रोन किराणा दुकानात न्या

काटा इलेक्ट्रॉनिक असावा. दुकानदाराला आधीच सांगा की विकत काही घ्यायचं नाही, नुसतं तोलायचं आहे. नाहीतर तो पिशवी काढेल. ड्रोन बॅटरीसकट, पंख्यांसकट, तुम्ही पोराच्या हट्टाने चिकटवलेल्या वाघाच्या स्टिकरसकट काट्यावर ठेवा आणि आकडा वहीत लिहा.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या केंद्राच्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' आणि त्यावर दोन किलोपर्यंतचं 'मायक्रो'. नॅनो उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो उडवायलाही लागत नाही, मात्र उड्डाण व्यावसायिक नसेल तरच. हे दुसरं वाक्य पुन्हा वाचा, कारण आपली सगळी शंका तेवढ्या 'तरच'मध्ये आहे. २५० ग्रॅमच्या खाली असाल तर प्रमाणपत्रापुरता 'फुकट की पैशाचा' हा प्रश्नच उद्भवत नाही. दोन किलोच्या वर गेलात तर फुकट असूनही प्रमाणपत्र हवंच. म्हणजे ज्यावर रात्र-रात्र वाद घालावा असा प्रश्न फक्त पाव किलो ते दोन किलो या पट्ट्यात राहतो. जगातल्या ड्रोन कंपन्यांनी २४९ ग्रॅमचे ड्रोन उगीच काढलेले नाहीत. आणि तो वाघाचा स्टिकर जरा जपून. पंख्यांना संरक्षक कडं बसवलं की काटा पाव किलो ओलांडतो आणि तुम्ही वाद घालणाऱ्यांच्या पट्ट्यात येऊन पडता.

मायक्रो असेल तर नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. इथे अनेकांची गाडी रुतते, कारण ड्रोन दुबईहून आलेल्या भावाने बनियनमध्ये गुंडाळून आणलेला असतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्राने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढीच सूट. सुटे भाग आणायला मोकळीक आहे. भावाला पुढच्या खेपेला सुटे भाग आणायला सांगा असा सल्ला मी देत नाही, नुसता नियम सांगितला.

पायरी दुसरी: उडवण्याआधी हेतू ठरवा

उडवून झाल्यावर हेतू ठरवण्याची आपली जुनी सवय आहे. अमेरिकेत त्यावरून बराच घोळ झाला. २०१५ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा गावच्या एका हौशी माणसाला तिथल्या विमान-प्रशासनाचं पत्र आलं. त्याने ड्रोनची चित्रं यूट्यूबवर टाकली होती, यूट्यूबवर जाहिराती होत्या, म्हणून साहेबांच्या मते त्याचं उडवणं धंद्याचं झालं. बोंबाबोंब झाली. पुढच्याच महिन्यात प्रशासनाने आपल्या निरीक्षकांना समज दिली, की इंटरनेटवरून व्हिडिओ काढून टाका असं सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मग त्याच वर्षी खुलासा आला, की पाहायचं ते उड्डाणाच्या वेळचा मूळ हेतू काय होता हे. हौसेने उडवलं आणि पुढे चित्रण विकलं, तरी ते उड्डाण मागे जाऊन धंद्याचं होत नाही. २०१८ च्या कायद्याने तर कॉलेज-विद्यापीठांतलं शैक्षणिक उड्डाण हौशी उड्डाणाच्याच सदरात बसवलं. युरोपीय संघाने याहून सोपं केलं. २०२० च्या डिसेंबरअखेरीपासून तिथे हौस आणि धंदा हा भेदच उरलेला नाही. यंत्र किती जड, माणसांच्या किती जवळ, एवढंच पाहतात.

आपण या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहोत. आपला नियम विचारतो तो उड्डाणाचा प्रश्न, व्हिडिओचा नव्हे. म्हणून धड्यासाठी उडवत असाल तर उडवण्याआधीच वहीत तारीख घालून लिहा: 'इयत्ता पाचवी, नदीचे वळण, मोबदला नाही.' ही वही कोर्टात रामबाण ठरेल असं नाही. पण ज्याच्याकडे वही असते त्याच्याशी माणसं जरा सभ्यपणे बोलतात, हा माझा सरकारी कचेऱ्यांतला अनुभव आहे.

लग्नाच्या हंगामात एक प्रलोभन येतं. शेजारच्या गावात वरातीवर ड्रोन फिरला, त्याच्या चित्रणात मागे वैनगंगेचा सुंदर तुकडा आला. ड्रोनवाला तुमचा मित्र, तो म्हणतो, घे की. घेऊ नका. ते उड्डाण धंद्याचं होतं हे एक. दुसरं म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे त्या वैनगंगेच्या तुकड्याचे मालक नवरीचे वडील. त्यांच्याकडे जाऊन 'तुमच्या मुलीच्या वरातीतली नदी हवी' असं म्हणायची हिंमत असेल तर जरूर जा. एरवी आपली नदी आपण काढावी.

पायरी तिसरी: खाली कोण आहे ते आधी पाहा

ही पायरी सगळ्यात लांब आहे. परसवाड्यात ती तशी असणं भागच आहे.

केंद्राच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा २४ सप्टेंबर २०२१ पासून सगळ्यांना खुला आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारायचं, लाल पट्ट्यात थेट केंद्र सरकारला. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत. नकाशावर तुमचं गाव हिरवं दिसलं की नवशिक्याला वाटतं, झालं. पण नकाशा आकाशाचा असतो. खाली जमीन असते, जमिनीवर माणसं असतात आणि माणसांच्या वर ठाणेदार असतो.

पूर्वेला कान्हा आहे. १ जून १९५५ रोजी राष्ट्रीय उद्यान झालं, १९७३ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आलं, त्याचं मुक्की प्रवेशद्वार आपल्याच बालाघाट जिल्ह्यात. इथे 'मी फक्त बारासिंगा दाखवणार होतो' ही सबब चालत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यात शिरायला आणि फोटो काढायला परवानगी लागते, आणि जनावरांना त्रास देणं गुन्हा आहे. आकाशातून भुणभुणत आलेलं यंत्र बारासिंग्याला शैक्षणिक वाटत नाही. बारासिंगा दाखवायचा असेल तर कान्हाचा अधिकृत शुभंकर 'भूरसिंह' बारासिंगाच आहे, त्याचं चित्र फळ्यावर काढा.

मग पोलीस. १७ नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेशात इतरत्र बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत मतदान चाललं, पण बैहर, लांजी आणि परसवाडा या तीन मतदारसंघांत ते दुपारी तीनलाच थांबवलं होतं. नक्षलवादाच्या भीतीने जिथे तेव्हा मतदान यंत्रं उन्हातच परत न्यावी लागली, अशा भागात संध्याकाळच्या वेळी झाडीवरून लुकलुकणारं काहीतरी उडवलंत, तर ते ज्ञानदान आहे हे पटवायला वेळ लागेल. शिवाय कलेक्टर साहेबांचा मनाई हुकूम केव्हाही निघू शकतो. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवरच्या संघर्षाच्या दिवसांत मुंबईसह देशात ठिकठिकाणी ड्रोनवर बंदी आली होती. नकाशा हिरवा आणि हुकूम लाल, असं असेल तर हुकूम ऐकायचा.

पोलिसांपेक्षा अवघड मामला गावकऱ्यांचा. २४ एप्रिल २०२० ला 'स्वामित्व' योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत मध्य प्रदेशही होता आणि महाराष्ट्रही. पटवारी यायचे, घरांच्या हद्दी चुन्याने आखायचे, वरून ड्रोन गावठाण मोजायचा. तेव्हापासून ड्रोन म्हणजे मोजणी हे समीकरण पक्कं झालं आहे. तुम्ही पोरांना रोवणी दाखवायला धानाच्या बांधीवर उडाल आणि खाली धुऱ्यावरून दोन भाऊ चुन्याची पिशवी घेऊन धावतील. एक म्हणेल, लाइन माझ्या बाजूने घ्या. दुसरा तुमच्याकडेच पाहून म्हणेल, मास्टरसाहेब, त्याचं ऐकू नका. धडा नदीचा होता, तंटा धुऱ्याचा होतो. महाराष्ट्रात २०२४ साली मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक काठ्या घेऊन जागत होते. म्हणून रात्रीचं सोडाच. दिवसाही कोटवाराला सांगून, जमलं तर बाजाराच्या दिवशी दवंडी द्यायला लावून मगच उडवा. तळ्याच्या घाटावर बाया असतील तर कॅमेरा तिकडे वळवायचाच नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. पण हे सांगायला नऊ न्यायमूर्तींची गरज नव्हती, गावातली कोणतीही आजी सांगेल.

पायरी चौथी: उडवा

वारा पाहून.

पायरी पाचवी: काय दाखवायचं?

हे मला सांगायला नको, पण राहवत नाही. बहुतेक शैक्षणिक ड्रोन-व्हिडिओंत ड्रोन वर जातो, गोल फिरतो, खाली येतो आणि मागे वीररसाचं संगीत वाजत असतं. पोरांना कळतं एवढंच की गुरुजींकडे ड्रोन आहे. वरून जे दिसतं आणि खालून दिसत नाही, तेच दाखवा. पठार कुठे तुटतं आणि कडा सुरू होतो. बांध्या एकाखाली एक कशा उतरतात आणि पाणी धुरा फोडून कुठून पळतं. गेल्या शतकाच्याही मागे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या परसवाडा पठारावर लछमन नाईक यांनी पहिली गावं वसवली. ती गावं पाण्याच्या आणि सपाट जमिनीच्या आधाराने कशी बसली आहेत हे एका स्थिर चित्रात दिसतं. ड्रोन एका जागी थांबवता येतो, ही त्याची सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे.

आणि संगीत लावू नका. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने साहित्याची नक्कल केली तर ती कॉपीराइटचा भंग नाही, असं कलम ५२ म्हणतं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या आधारे ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे बड्या प्रकाशकांविरुद्ध विद्यापीठातल्या एका फोटोकॉपीच्या दुकानाची बाजू उचलून धरली. तो निकाल वर्गातल्या अभ्यास-संचाबद्दल होता. तुमच्या नदीच्या वळणावर चालू सिनेमातलं गाणं चढवून ते सगळ्या जगाला दाखवणं म्हणजे वर्ग नव्हे. आपल्या चित्रणाला अशा सवलतीची गरजच नाही, ते आपलंच आहे. उसनं असतं ते गाणं. बोला, तुमचा आवाज बरा आहे.

पायरी सहावी: फुकट आहे ना, खात्री करा

तुम्ही एक पैसा घेतला नाही. पण यूट्यूबने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अटी बदलल्या, आणि ज्यांनी कमाईचा करार केलेला नाही त्यांच्याही व्हिडिओवर ते जाहिरात दाखवू शकतात. वैनगंगेच्या वळणाआधी साबण येईल. पैसा कंपनीला, पुण्य तुम्हाला. त्याने तुमचं उड्डाण धंद्याचं होतं असं माझं मत नाही, कारण हेतू तुमचा, कमाई दुसऱ्याची. मात्र मायक्रो ड्रोन असेल आणि उद्या कोचिंग क्लासवाल्याने 'सर, याच सिरीजचे पैसे देतो' म्हटलं, तर नव्या उड्डाणाआधी प्रमाणपत्र घ्या. दहावी पास आणि वय अठरा ते पासष्ट, एवढी पात्रता तुमच्याकडे आहेच. मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं.

तेव्हा मेहुण्याला सांगा: हलक्या ड्रोनचं, मोकळ्या आभाळातलं, कोणाच्या अंगणात न डोकावलेलं चित्रण फुकटच्या धड्यात बेलाशक वापरता येतं. आणि उड्डाणच बेकायदा असेल तर धडा कितीही पवित्र असला तरी तो व्हिडिओ म्हणजे तुम्हीच तुमच्याविरुद्ध, तारीख-वेळेसकट, जाहीर केलेला पुरावा. उडवण्याच्या दोन दिवस आधी ठाण्यात साध्या कागदावर अर्ज द्या, त्यात जागा, वेळ आणि ड्रोनचं वजन लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.