चपला बघायच्या

परवा रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या काठी नानांनी मला गाठलं. चूक माझीच. संध्याकाळी साडेसहाला नाना तिथल्या मरीन ड्राइव्हवर असतात हे ठाऊक असूनही मी फिरायला गेलो होतो.

"फ्लॅट घेतलास म्हणे. किरायाने देणार?"

मी हो म्हणालो आणि माझं फिरणं तिथेच संपलं. उंच झेंड्यासमोरच्या बाकावर मला बसवून नाना म्हणाले, "पहिली गोष्ट. चपला बघायच्या."

हे वाक्य मी आठ वर्षं ऐकतोय. त्यातली पहिली चार त्यांचा किरायदार म्हणून.

नानांचं म्हणणं असं की माणूस तोंडाने खोटं बोलतो, पगाराचा कागद खोटा आणतो, पण दारात चपला काढताना खोटं वागणं त्याला जमत नाही. भिंतीलगत जोडीने काढणारा पाच तारखेच्या आत किराया देतो. एक इकडे, एक तिकडे भिरकावणारा नळ उघडा टाकून गावाला जातो. बूट न काढता आत येणारा खोली सोडताना पंखा घेऊन जातो. आणि कोरी करकरीत चप्पल घालून आलेला तर फारच धोक्याचा, मागच्या घरमालकाने त्याला कालच हाकललेलं असतं. एका बँकवाल्याची टाच डावीकडे झिजलेली दिसली म्हणून नानांनी त्याला खोली नाकारली. "कलता माणूस. टिकणार नाही." दोन वर्षांत त्याची बदली झाली. बँकवाल्यांची बदली होतेच, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

मी पास झालो तो अपवादानेच. पावसात माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून ती हातात घेऊनच मी त्यांच्या दारात उभा राहिलो. हातातल्या चपलेची तरतूद सिद्धांतात नव्हती. शिवाय चप्पल उगारून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

2000 साली छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि नानांच्या मागच्या अंगणाचं भाग्य उजळलं. पेरूचं झाड गेलं, चार खोल्या उठल्या. पुढे नॅरोगेजच्या छोट्या लाइनचे रूळ जाऊन तिथे एक्स्प्रेस-वे आला, तेव्हा नानांनी हळहळत किराया वाढवला. हळहळ खरी होती. वाढही.

कायदा त्यांना तोंडपाठ. करारनामा 11 महिन्यांचाच का? तर 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, त्याचा खर्च कोण करणार! किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, किल्ली त्यानंतर. किराया बँकेतून घ्यायचा, ॲडव्हान्सची पावती द्यायची, भिंतींचे फोटो आधीच काढून ठेवायचे. खरं सांगायचं तर यातलं एकही चुकीचं नाही, आणि हाच नानांचा सगळ्यात मोठा त्रास आहे.

प्राप्तिकराचा विषय निघाला की त्यांचा चेहरा भाविक होतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता उरतं त्यातून 30 टक्के सरसकट सोडून देतात. दुरुस्तीवर तुम्ही दमडी खर्च केली नसली तरी. नानांनी नसतेच केलेली. माझ्या न्हाणीघराचं छत तीन पावसाळे गळलं. चौथ्या तक्रारीला नाना जातीने आले, छताकडे न बघता खाली बघून म्हणाले, "ओल्या चपला आत कशाला आणतोस?"

2019 साली छत्तीसगड सरकारने घरगुती विजेचं 400 युनिटपर्यंतचं बिल निम्मं केलं. शहरभर 'बिल हाफ'ची चर्चा. नानांच्या सबमीटरचा दर मात्र जागचा हलला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हाफ सरकारने मला दिलंय. तुला सरकारने काही सांगितलंय का?"

एवढं सगळं असून हा माणूस मनातून पुरता उतरत नाही, याचा मला राग येतो. कारण आहे चार नंबरची खोली.

तिथे तलावाकाठच्या एका खानावळीत काम करणारा ओडिशाचा पोरगा राहायचा. 2020च्या टाळेबंदीत खानावळ बंद पडली. मे महिन्यात तो बूट घालून गावाकडे निघाला, चपला दाराबाहेरच राहिल्या. "खोली एक महिनासुद्धा रिकामी ठेवायची नाही, तो पैसा परत येत नाही," हे नानांचं दुसरं ब्रह्मवाक्य. जुलैत खोली मागायला माणसं आली. नानांनी परत पाठवली.

"अहो, खोली रिकामी आहे ना?" मी वरून विचारलं.

"रिकामी कशी? चपला आहेत."

पाऊस आला की नाना त्या पत्र्याखाली सरकवायचे. सकाळी अंगण झाडून झालं की पुन्हा दारात, जोडीने, भिंतीला समांतर. सहा महिने. पोरगा दिवाळीनंतर आला. मधल्या महिन्यांचा किराया नानांनी घेतला नाही. विजेच्या बिलातला स्थिर आकार तेवढा घेतला. पूर्ण.

परवा बाकावर ते पुन्हा टाचांच्या झिजेवर आले, तेव्हा मी विचारलं, "नाना, तो चार नंबरवाला पहिल्यांदा खोली बघायला आला, तेव्हा त्याने चपला कशा काढल्या होत्या?"

नाना तलावाकडे बघत राहिले.

"एक पायरीवर होती," ते म्हणाले. "दुसरी गटारात."