ऑस्लोहून चारफाट्याच्या गॅरेजला

ऑस्लो,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,


तुमचा लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला. मागे कोणाच्या तरी इकोचा सायलेन्सर फाटलेला होता, त्यामुळे तुमचं अर्धं बोलणं कळलं नाही. पण तो सायलेन्सर मात्र मी पुन्हा लावून ऐकला. तुमची भाचेसून स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोक भजन ऐकत झोपतात, आमच्याकडे फाटका सायलेन्सर!" तिला कसं समजवायचं? या शहरात राहून माझे कान उपाशी आहेत.

जेवढं कळलं त्यात प्रश्न दोन होते. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर गॅरेजचं शटर कायमचं ओढायचं का, हा एक. आणि मामींना पनवेलला ने-आण करायला तसली गाडी घ्यावी का, हा दुसरा. शिवाय त्या फार्महाउसवाल्या मुंबईकराची हकिगत. त्याने "चार्जिंग होईल का?" विचारलं आणि तुम्ही त्याच्यापुढे मोबाइलची पिन धरलीत! आमच्या इथल्या मित्रमंडळींत ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने गंभीरपणे विचारलं, "मग झाली का?" आयटीतला आहे.

आधी इथली परिस्थिती सांगतो, म्हणजे तुमचा रक्तदाब काय तो एकदाच वाढेल. गेल्या वर्षी नॉर्वेत ज्या नव्या मोटारी विकल्या गेल्या, त्यांतल्या शंभरातल्या ८९ निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात रस्त्यावरच्या एकूण गाड्यांतही विजेच्या गाड्यांनी पेट्रोलवाल्यांना मागे टाकलं; डिझेल तेवढं तग धरून होतं. फोक्सवॅगनने तर २०२४ उजाडल्यापासून इथे इंजिनाची गाडी विकणंच थांबवलं. गोल्फ बनवणारी कंपनी, मामा! पेट्रोल पंप अजून आहेत, पण तिथे लोक शिरतात ते पावात घातलेलं गरम सॉसेज खायला. उद्या पेट्रोल बंद झालं तरी पंप चालतील.

हे सगळं पर्यावरणाच्या प्रेमापोटी झालं असं इथले लोक सांगतात. तुम्हाला पटेल असं कारण वेगळं आहे: पैसा. इंजिनाच्या गाडीवर खरेदीचा कर असा जबर, की गाडी बघायला गेलेला माणूस सायकल घेऊन परत यावा. विजेच्या गाडीला तो कर १९९० पासून माफ, २००१ पासून व्हॅटही माफ. टोल माफ. पुढे बसच्या लेनमधून जायचीही मुभा. आता गाड्या उदंड झाल्यावर सरकारने हात आखडता घेतलाय. २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर व्हॅट लागू झाला, आणि टोलही भरावा लागतो.

या सवलतींमागे एक वात्रट प्रकरण आहे. इथला जगप्रसिद्ध बँड 'आ-हा'. त्यातल्या दोघांनी आणि बेलोना या पर्यावरण संस्थेच्या मंडळींनी १९८९ साली स्वित्झर्लंडहून विजेवर बदललेली एक फियाट पांडा आणली आणि टोल न भरता नाक्यावरून बिनधास्त ये-जा सुरू केली. दंड झाला, तोही भरला नाही. सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली, तर ह्यांनीच ती परत घेतली आणि पुन्हा टोल चुकवायला निघाले. अखेर १९९७ मध्ये सरकारनेच विजेच्या गाड्यांचा टोल माफ केला. खालापूर नाक्यावर हा प्रयोग करू नका. गरजही नाही म्हणा, कारण आपल्या सरकारनेही यंदाच्या धोरणात एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केलीये. बँड न काढता काम झालं.

आणि गंमत बघा. हा देश श्रीमंत झाला तो समुद्रातलं तेल आणि गॅस जगाला विकून. स्वतः मात्र पाण्यावरच्या विजेवर गाड्या चालवतो. ताडीचं दुकान टाकलेला माळकरीच म्हणायचा.

आता आमच्या गाडीचं. तुम्ही विचारलंत, "ॲव्हरेज काय देते?" मामा, हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही म्हणून मला किती एकटं वाटतं! उन्हाळ्यात एका युनिटला सहा-सात किलोमीटर आरामात. थंडीत विचारू नका. बाहेर उणे पंधरा असलं की बॅटरी गारठते, वर केबिन गरम ठेवायला वीज लागते, आणि पडद्यावरचे किलोमीटर तुमच्या डोळ्यांदेखत गळत जातात. मागच्या हिवाळ्यात आम्ही डोंगरातल्या एका लाकडी घरी राहायला निघालो. अर्ध्या वाटेत मी हिशेब मांडला आणि हीटर बंद केला. तुमच्या भाचेसुनेने काही न बोलता पिशवीतून माकडटोपी काढून घातली, मुलीला घातली आणि एक माझ्या मांडीवर टाकली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, दरोडा घालायला चाललेत. पुढे चार्जिंगला रांग होती, कारण शुक्रवारी संध्याकाळी सगळं ऑस्लो डोंगराकडेच निघतं. आम्ही डबा उघडला. थालीपिठाचा वास काचेच्या फटीतून बाहेर गेला आणि शेजारच्या गाडीतल्या बाईने खिडकी खाली करून विचारलं, "तुमच्या गाडीतून काही जळतंय का?"

चालवायला कशी, ते सांगतो. पेडलवर पाय टेकवला की मान मागे जाते, इतकी झटक्यात उचलते. ओढ अशी, की पळसदरीच्या चढाला शेजारचा पाणी पीत असेल तर बाटली त्याच्या नाकात जाईल. गेअर नाही, क्लच नाही. म्हणजे सगळं आहे आणि करायला काही नाही. आपल्या फियाटला सकाळी चोक ओढायचा, थोडी खोकली की ढकलायचा, स्टीअरिंगजवळचा गेअर टाकताना बोटांना कळायचं की आज बाईंचा मूड कसा आहे. इथली गाडी रुसत नाही. मोबाइलवर तुम्ही पाठवलेला फियाट सुरू करतानाचा व्हिडिओ मुलीला दाखवला, तर ती म्हणते, "बाबा, ती थरथरतेय. तिला बरं नाहीये का?" दोन वर्षांपूर्वी मुंबईतली शेवटची पद्मिनी फियाट टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा मी इथे ऑफिसात बसून बातमी वाचली. दुःख वाटून घ्यायला कोणी नव्हतं. शेजारचा म्हणाला, "पद्मिनी म्हणजे तुमची आत्या का?"

आणखी एक छळ. गाडी रात्रीतून स्वतःला 'अपडेट' करते. काल वायपरचं चित्र पडद्यावर डावीकडे होतं, आज ते उजवीकडे, आणि बाहेर धो धो पाऊस. दर वर्षाला नव्या चिनी कंपन्या जास्त किलोमीटर आणि मोठा पडदा घेऊन येतात, त्यामुळे तीन वर्षांची धडधाकट गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. आपल्याकडे गाडी जुनी व्हायची, इथे शिळी होते.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो: "विजेवरची गाडी आपल्या घाटात चालायची नाही." हे तुम्ही म्हणालात? बँकर इंजिनावर नोकरी केलेल्या आजोबांचा मुलगा? अहो, आपल्या कर्जतला मेल-एक्स्प्रेस थांबतात त्या लोकांना वडा खाता यावा म्हणून नाही. पुढे बोरघाटाचा ३७ ला १ असा चढ आहे, तिथे मागून रेटायला बँकर लावावे लागतात, म्हणून थांबतात. वडा ही आपली जोडधंद्याची हुशारी. आणि आजोबा ज्याच्या गोष्टी सांगायचे तो 'खेकडा' आठवा. १९२८ पासून आलेली ती विजेची इंजिनं, दोन्हीकडे लांब नाकं असलेली. घाट उतरताना त्यांच्या मोटारीच ब्रेकचं काम करायच्या आणि वीज वरच्या तारेत परत जायची. इथला सेल्समन मला 'रीजनरेटिव्ह ब्रेकिंग' असं छाती फुगवून समजावत होता, जणू काल संध्याकाळी त्याच्या मालकाला सुचलं. मी म्हटलं, बाबा रे, हे आमच्या आजोबांच्या ड्युटीत होतं. त्याला वाटलं, मी सवलत मागतोय. पुढच्या वेळी मुंबईला गेलात की वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभा असलेला खेकडा नातवंडांना दाखवा.

वीज तरी कुठली लांबची? टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, आपल्या तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्या फिरल्या त्या आपल्या डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर. भर मे महिन्यात पेज नदीत पाणी दिसतं तेही त्या वीजघरातून सुटलेलं. आता त्याच भिवपुरीत १००० मेगावॅटच्या नव्या प्रकल्पासाठी २०२३ मध्ये टाटा पॉवरचा सरकारशी करार झालाय. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवून ठेवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. थोडक्यात, अख्ख्या डोंगराची बॅटरी. आणि एवढं सगळं असून मृगाचा पहिला थेंब पडला की गावातली लाइट जाते ती जातेच. म्हणून सांगतो, घाटाला दोष देऊ नका. अडचण खांबापासून घरापर्यंतच्या तारेत आहे.

माथेरानचं बघा. तालुक्यातलंच, दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला बंदी. तिथे सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा चढल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता, तो पोटाचा होता, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण हातरिक्षा ओढून ज्यांच्या छातीचा भाता झाला, ती माणसं स्वतः ई-रिक्षा मागत होती. भारतातला सगळा बदल असाच खालून येतोय. २०२४ मध्ये आपल्या देशात विकलेल्या मोटारींत विजेच्या शंभरात जेमतेम दोन-तीन, पण तीनचाकींत निम्म्याहून अधिक. टेस्लाने यंदा बीकेसीत साठ लाखांची गाडी मांडली त्याचे फोटो सगळ्यांनी काढले. धंदा मात्र नाक्यावरच्या रिक्षावाल्याने बदलला. ते गिऱ्हाईक तुमचं आहे, मामा, बीकेसीवाला कधीच नव्हता.

तेव्हा गॅरेजबद्दल. ऑइल बदली, प्लग, फिल्टर, सायलेन्सर आणि घाटाने खाल्लेल्या क्लच प्लेटा हे उत्पन्न हळूहळू जाणार, यात खोटं बोलून उपयोग नाही. पण ते एका दिवसात जाणार नाही. आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या इको आणि मिनिडोर अजून बरीच वर्षं धूर सोडतील. उलट बॅटरीमुळे गाडी जड होते, ती टायर लवकर खाते, आणि आपल्या रस्त्यांवर बुश, शॉकॲब्सॉर्बर, व्हील अलाइनमेंट यांना मरण नाही. डेंटिंग-पेंटिंग तर अमर आहे. फक्त नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या. ती हाय व्होल्टेजची असते, तिथे तुमचा 'टेस्टर लावून बघू' चालत नाही. आयटीआयला आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिक असा ट्रेडच आहे. धाकट्याला तिथे घाला. तो तसाही दिवसभर मोबाइलमध्येच असतो, तेच बोट कामाला येईल.

गाडी घ्यायची का? घ्या. तुमचं येणं-जाणं पनवेल, नेरळ, खोपोली. दिवसाला शंभर किलोमीटरही होत नाहीत. पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये जातात, घरी चार्ज केली तर दोनच्या आत बसेल, युनिटला दहा-बारा रुपये धरूनसुद्धा. रात्री पंधरा ॲम्पिअरच्या प्लगला लावायची, सकाळपर्यंत होते. मामींना पावसात शॉक लागण्याची भीती वाटते. त्यांना सांगा, चांगल्या कंपनीची बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बंद केलेली असते. तरी उल्हासला पूर आलेला असताना पुलावर घालू नका. २००५ चा २६ जुलै आठवा, तिथे पेट्रोल काय नि बॅटरी काय.

मात्र दर महिन्याला नागपूर, सोलापूर करत असतात त्यांनी अजून थांबावं. आणि पाहुण्यांना आवाज ऐकवून भाव खायचा असेल तर ही गाडी निरुपयोगी आहे. त्यासाठी फियाट ठेवा. तिला गिऱ्हाईक आलंय असं मामी म्हणाल्या. परत पाठवा त्याला. तिचा कार्बोरेटर साफ कराल तेव्हा मला व्हिडिओ कॉल करा, रात्रीचे तीन असले तरी.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमची भाचेसून कुळीथ पीठ आणि सुके जवळे आठवणीने मागवतेय. जवळे तीन पिशव्यांत बांधा, इथल्या लोकांना वास लवकर येतो.

तुमचा,
भाचा

ता. क. गाडी बुक करायच्या आधी चांगला वायरमन बोलवा आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या. मीटरचा मंजूर लोडही वाढवून घ्या. फ्रिजला हात लावला की अजून झिणझिण्या येतात, असं मामी फोनवर म्हणाल्या. ते हसण्यावारी नेऊ नका.