व्युत्पत्तीवाले अण्णा

अण्णांसमोर जपून बोलावं लागतं. तुम्ही सहज ‘पगार झाला’ म्हणालात, की ते ‘पोर्तुगीज!’ म्हणून टाळी मागतात. घमेलं, चावी, बटाटा, पाव, साऱ्यांची कुळी त्यांना तोंडपाठ. घरातली बादली मात्र गळते ती गळतेच. बादलीचं मूळ ‘बाल्दे’त सापडलं, आता भोक कोणी शोधायचं?

मालवणात आमच्या आळीतल्या एका पोरानं टीव्हीवर मांटा रे पाहिला आणि भाबडेपणानं अण्णांना विचारलं. मासा वागळीच्याच गोतातला, पण मोठा नमुना पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत सात मीटर भरतो. नांगी नाही, पाण्यातलं प्लवक गाळून खातो. अण्णांना माशाशी काय कर्तव्य? ‘मांटा म्हणजे मंथ! दर्या घुसळतो ना तो,’ त्यांनी ठोकून दिलं. अण्णा आधी संस्कृतला हात घालतात. कोश उघडायचा तो घरी गेल्यावर, दार लावून.

कोशात निघालं पांघरूण. स्पॅनिश आणि पोर्तुगीज, दोन्हींत ‘मांता’ म्हणजे चक्क घोंगडी-चादर. ना ऋषी, ना धातू. अण्णांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मात्र स्वारी ताजीतवानी: ‘अरे, त्याच लॅटिन घराण्यातलं इंग्रजी मँटल! म्हणजे पेट्रोमॅक्सचं मेंटल आणि हा मासा चुलत भाऊ!’ वीज गेली की आता आळीत हे ऐकावं लागतं.

खरा घाव पुढेच होता. ‘मांटा’ हे 1829 पासूनचं प्रजातीनाम शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून 2017 साली मोडीत काढलं आणि हे मासे ‘मोब्युला’त घातले, कारण ते नाव 1810 चं, म्हणजे जुनं. जुनं ते खरं, हा तर अण्णांचाच बाणा. त्यामुळे बिचाऱ्यांना भांडताही येईना.

ही कैफियत त्यांनी बाजारात मासे विकणाऱ्या बाईंपुढे मांडली. हातात वागळी, मागे रांग.

‘अण्णानू, घोंगडी ता ऱ्हवांदे. कापूची की अख्खी व्हयी?’

‘अख्खी...’ अण्णा थबकले. ‘हे बहुधा अक्षतवरून—’

तोवर वागळी मागच्या वहिनींच्या पिशवीत गेली होती.