बायोडाट्यात मुलीचा नंबर कुठे?

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यात पूर्वी सोयरीक जमवायची तर मध्यस्थ लागायचा. तो राजूरला, भोकरदनला, जाफराबादला जाऊन यायचा, चार घरचा चहा प्यायचा, मग निरोप आणायचा. आता रात्री साडेअकराला वधू-वर ग्रुपवर पीडीएफ पडते. दोन बोटांनी फोटो मोठा केला, की स्थळ पाहून झालं.

नकारही तिथेच. दोन निळ्या टिका, उत्तर नाही.

पीडीएफमध्ये पोराचा स्वभाव दिसत नाही, त्याने जगवलेली मोसंबी दिसत नाही. दिसतं ते 'व्यवसाय : शेती'. तिथेच बोट पुढच्या फाइलवर जातं. मुलीच्या बापाला जावयाच्या नावावर जमीन हवी, जावई मात्र शेतात राबणारा नको. बाप तरी काय करील? कापसाचा भाव त्याने पाहिलाय. कापूस वेचणाऱ्या बायकोचे हातही पाहिलेत.

मग तिशी ओलांडलेला पोरगा एजंट गाठतो. लाख-दोन लाख मोजतो. फोटो येतो, लग्न लागतं आणि आठ दिवसांत नवरी दागिन्यांसह गायब. काही जण पोलिसांत जातात. लाजेपोटी गप्प बसलेले कोण मोजणार?

सगळे म्हणतात, मोबाइलने लग्नांचा विचका केला. खोटं आहे. विचका करणारं यंत्र मोबाइलच्या आधीच आलं होतं.

सोनोग्राफी.

गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली किती? 2001 च्या जनगणनेत 913, 2011 मध्ये 894. आपल्या शेजारच्या बीडमध्ये तर 807. ज्या जन्मल्याच नाहीत, त्यांचा बायोडाटा कुठल्या ग्रुपवर येणार?

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुण पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. लोक हसले. गर्भलिंग निदानबंदीचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी होती. घोडा सगळ्यांनी पाहिला. मागणी किती जणांनी वाचली?

आणि ज्या जन्मल्या, त्यांचं काय? कुठलाही बायोडाटा उघडा. जन्मवेळ आहे, रास-नाडी आहे, उंची, वर्ण, मामाकुळ आहे, सोयऱ्यांच्या आडनावांची रांग आहे. खाली संपर्क : वडील, काका, मामा.

मुलीचा नंबर नाही.

बारावीनंतर तिला मोबाइल मिळाला, तोही भाऊ रोज तपासतो. भावाचा कोण तपासतो? अपेक्षेच्या रकान्यात लिहिलंय, 'नोकरीवाला, निर्व्यसनी'. हे तिचं म्हणणं की घरच्यांचं, हे पोराला विचारायचं असेल, तर फोन लागतो मामाला.