चौकटीतला नकुल

पांडवांत नकुलाचं स्थान काय, असं कुणी विचारलं तर बहुतेक जण 'चौथा' म्हणून मोकळे होतील. गदा भीमाची, गांडीव अर्जुनाचं, सत्य धर्मराजाचं. नकुलाच्या वाट्याला घोडे आणि देखणेपण. पण शब्दकोड्यात 'एक पांडव, अक्षरं तीन' असं दिसलं की पेन्सिल आधी नकुलाकडे वळते. अर्जुनही तीनच अक्षरी, पण त्याच्या पोटात 'र्जु' आहे. त्या 'र्जु'मधून उभा शब्द काढायचा म्हणजे कोडं रचणाऱ्याच्या तोंडाला फेस. नकुलाचा 'न' आणि 'ल' मात्र कुणाशीही जमवून घेतात. नयन, नभ, नग, कमल, जल, सगळ्यांकडे त्यांचं येणं-जाणं.

मराठी कोडं रचणं हे एकूणच जिवावरचं काम. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विनने 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात पहिलं शब्दकोडं छापलं, तेव्हा त्याच्या हाताशी अक्षरं होती 26. आपल्याकडे एका घरात आख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. 34 व्यंजनं आणि त्यांची बाराखडी असा नुसता गुणाकार केला तरी 408 होतात. जोडाक्षरं अजून दारातच उभी आहेत. आडव्या शब्दातला 'की' उभ्या शब्दातही 'की'च हवा. 'का' आला तर सगळा डाव मोडला. म्हणून रचणारा बिचारा बिनकान्या-मात्रेच्या शब्दांना घट्ट धरून बसतो.

कोड्यातलं मराठी रोजच्या मराठीपेक्षा वेगळं का, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं. तिथे हात हा 'कर' असतो, घोडा 'हय', पक्षी 'खग', बाण 'शर', ढग 'जलद' आणि परीट 'रजक'. आमच्या मामाने आयुष्यात कधी इस्त्रीचे कपडे 'रजकाकडे' टाकले नाहीत, पण रविवारच्या पुरवणीत तो धडाधड रजक लिहीत असतो. पूर्वी पाठशाळेत पोरांकडून अमरकोश घोकून घेत. हल्ली तो घोकायला कुणी बसवत नाही, पण अमरसिंहाने जमवलेल्या त्या समानार्थी शब्दांची पेन्शन कोड्याच्या कचेरीतून दर आठवड्याला नियमित निघते. नाहीतर 'अज' कुणाला आठवला असता? दशरथाचा बाप अज, ब्रह्मदेव अज आणि बोकडही अज. दोन घरांत तिघांची सोय. 'कनक' म्हणजे सोनं आणि धोत्राही, शिवाय डावीकडून वाचा की उजवीकडून, शब्द तोच.

सामान्य ज्ञानाचंही असंच. कोड्यातला महाराष्ट्राचा नकाशा शासनाने छापलेल्या नकाशाशी जुळत नाही. तिथली महानगरं म्हणजे जत, भोर, पेण, वाई आणि बीड. सांगली जिल्ह्यातलं जत किती जणांनी पाहिलंय ठाऊक नाही, पण कोडी सोडवणारा प्रत्येक जण तिथे दर महिन्याला जाऊन येतो. इचलकरंजीला सहा घरं लागतात, म्हणून तिचा नंबर क्वचित लागतो. छत्रपती संभाजीनगर दहा घरांचं. औरंगाबाद असताना पाचात भागत होतं. नद्यांत मुळा आणि नीरा लाडक्या, कारण मुळा भाजीतही चालतो आणि नीरा प्यायलाही मिळते. जगाच्या राजकारणात पेरूचा दबदबा केवढा ते माहीत नाही, पण देश म्हणून आणि फळ म्हणून त्याने दोन्हीकडून हजेरी लावलेली असते. चाड आणि माली हे आफ्रिकेतले देश आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ते नकाशावर दाखवा म्हटलं तर मात्र एकेक जण पाणी प्यायला उठेल.

इंग्रजीतही हीच तऱ्हा. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांत सगळ्यांत मोठं सुपीरियर, पण कोड्यांत मान ईरीचा, कारण तिच्या चार अक्षरांत तीन स्वर. आपलं आग्रा आणि आपली साडी तिथल्या कोड्यांत वरचेवर दिसतात, त्यात ताजमहालाची किंवा पदराची पुण्याई कमी आणि 'ए'ची जास्त.

अशा निरुपद्रवी खेळापायी एकदा सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं, हे सांगितलं तर मामा आधी हसतो. पण 1957 साली तसं झालं. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांची स्पर्धा असे, आणि मुंबई राज्यातून लोक प्रवेश फी भरून ती सोडवत. त्यातली मेख अशी की एकाच सूचनेला दोन-दोन शब्द सारखेच चपखल बसायचे. बरोबर कोणता, ते चालकांनी ठरवायचं. न्यायालयाने म्हटलं, हा जुगार. त्याआधीच, 1955 साली, संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याला 1000 रुपयांपेक्षा जास्त बक्षिसांवर बंदी घातली होती. शब्दांच्या नादाने श्रीमंत होण्याचा रस्ता तेव्हापासून बंद आहे. लेखकांना तो तसाही कधी उघडा नव्हता.

दोन्हीकडे चालणारी सूचना म्हणजे काय ते पाहायचं तर आमच्या घरी रविवारी यावं. परवा आलं होतं: 'दशरथाची राणी, अक्षरं तीन'. कौसल्या तीन, कैकेयी तीन, सुमित्राही तीन. आई म्हणाली, "कौसल्या लिही. थोरली ती, पहिला मान तिचा." मामाचं मत कैकेयीला. "ती नसती तर रामायण अयोध्याकांडातच आटोपलं असतं, ताई," असं त्याचं म्हणणं. सुमित्रेचं नाव कुणीच काढलं नाही. मग पेन्सिलीने पुसट 'क' काढला, त्याला काना द्यायचा की नाही यावर चहा निवला, आणि शेवटी मामाने दुसऱ्या घरातून खाली उतरणारी सूचना मोठ्याने वाचली: 'ठेच्यातला मुख्य घटक, अक्षरं तीन'. मिरची! म्हणजे मधलं अक्षर 'मि'.

मामाने खोडरबर घेऊन सुमित्रेला सिंहासनावर बसवलं. आईला निकाल मान्य नाही. ठेचा लसणाचाही होतो, असं ती संध्याकाळपर्यंत म्हणत होती. होतो, पण 'ल' पोटात घेऊन बसलेली राणी दशरथाकडे नव्हती.