झाडीपट्टीत देवमासा वाजवण्याची सोपी कृती

आधी समुद्र शोधणं सोडा. आपल्याकडे मासा म्हणजे इरईचा नाही तर वैनगंगेचा, आणि तो गात नाही. देवमासा गातो. त्याची ध्वनिफीत ऐकून जॉर्ज क्रम या अमेरिकन संगीतकाराने 1971 साली ‘व्हॉक्स बालेने’, म्हणजे देवमाशाचा आवाज, ही रचना लिहिली. वादक तीनच: फ्लूट, चेलो, पियानो.

फ्लूटवाल्याने फुंकता फुंकता गायचंही असतं. हा सराव रात्री करू नका, शेजारी वनखात्याला फोन लावतील. पियानोवाल्याने झाकण उघडून तारांना छिन्नी, पेपरक्लिप आणि काचेची कांडी लावायची. पियानो भाड्याचा असेल तर मालकाला आधी चहाला पाठवा.

तिघांनी काळे अर्धे मुखवटे घालायचे, मंचावर गडद निळा प्रकाश. माणूस पुसला जावा आणि निसर्ग उरावा, ही क्रमची इच्छा. निळा दिवा वडशाच्या कुठल्याही नाटक कंपनीकडे मिळेल. मुखवट्याचं मात्र अवघड आहे. ‘मंग पोस्टरवर माहा फोटो काहून छापला जी?’ या प्रश्नाला क्रमकडे उत्तर नाही.

आता विश्लेषण. मधल्या पाच तुकड्यांना भूशास्त्रातल्या महाकल्पांची नावं आहेत; अब्जावधी वर्षं वीसेक मिनिटांत उरकतात. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना यासाठी तक्ता लागेल, आपल्याला एसटी पुरे. गडचांदूर-आवारपूरचा चुनखडक हा प्रोटेरोझोइक समुद्राचा तळ. त्याचंच सिमेंट होतं, तेव्हा ज्या स्लॅबखाली तुम्ही सराव करताय त्यात समुद्र असण्याची शक्यता बरीच आहे. चंद्रपूरचा कोळसा पॅलिओझोइकच्या अखेरचा. (त्यात समुद्र नाही, दलदलीतलं जंगल आहे, तिथे उगाच लाटा ऐकू नका.) मेसोझोइकसाठी सिरोंच्याजवळ वडधमला जा, दगड झालेली झाडं पाहा आणि मग चेलो हातात घ्या. सेनोझोइकमध्ये माणूस येतो. त्याची ओळख करून द्यायची गरज नाही.

शेवट नाजूक आहे. एकच स्वराकृती हळू, आणखी हळू होत जाते आणि अखेरच्या वेळी वादक नुसते हात हलवतात, आवाज शून्य. दिवसा शंकरपट पाहून रात्रभर नाटकाला बसणारं आपलं पब्लिक तिथे ‘माइक गेला!’ म्हणून ओरडणार. म्हणून साउंडवाल्याला आधीच बजावून ठेवा: मशीनला हात लावायचा नाही.