गोल न करता जगज्जेते कसे व्हावे
(होतकरू बचावपटूंसाठी)

फुटबॉलमध्ये नाव कमवायचं तर गोल करावे लागतात, असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. ही मार्गदर्शिका ज्यांना नावाची फारशी हौस नाही, पण पदकं मात्र हवी आहेत, अशा शहाण्या माणसांसाठी आहे. कित्ता गिरवायला आम्ही हान्स-गेऑर्ग श्वार्त्सनबेक निवडले आहेत. पश्चिम जर्मनीकडून ४४ सामने, गोल शून्य. एवढ्या भांडवलावर त्यांनी १९७२ मध्ये युरोपीय विजेतेपद मिळवलं आणि १९७४ मध्ये विश्वचषक.

सुरुवात जन्मापासून करावी. ठिकाण म्युनिक, तारीख ३ एप्रिल १९४८. तारीख थोडी मागेपुढे झाली तरी चालेल, पण त्याच शहरात अडीचेक वर्षं आधी फ्रान्झ बेकेनबाउर जन्मलेले असले पाहिजेत. ही तजवीज आधीच करून ठेवा. पुढे कितीही घाम गाळलात तरी ती भरून निघत नाही.

आता धंद्याचं मर्म. बेकेनबाउर खेळायचे ती जागा लिबेरोची, म्हणजे सगळ्या बचावपटूंच्या मागे मोकळा फिरणारा माणूस. कुणाच्या मागे लागायचं नाही, फक्त गळती लागेल तिथे बूच मारायचं. बेकेनबाउरना मात्र मागे उभं राहून करमेना. चेंडू पायात आला की मान ताठ ठेवून ते निघायचे, मधली फळी ओलांडायचे, थेट समोरच्याच्या अंगणात. पाहणाऱ्यांनी त्यांना ‘कैसर’, म्हणजे सम्राट म्हटलं, आणि बचावातून चढाई करणाऱ्या या लिबेरोवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. सम्राट फिरायला गेल्यावर घराला कडी कोण लावतं, हा प्रश्न त्या पुस्तकांना फारसा पडलेला दिसत नाही. कडी तुम्ही लावायची आहे.

तुमच्या जागेला स्टॉपर म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात धोकादायक आघाडीवीर तुमच्या नावावर लिहिलेला असतो. तो डावीकडे गेला, तुम्ही डावीकडे. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तुम्ही शेजारी उभे. दीड तास हाच संसार. चेंडू हिसकावलात की त्याचं काय करायचं, याचा विचार करत बसू नका. दहा पावलांवर बेकेनबाउर आहेत, त्यांना देऊन टाका. त्यानंतर जे घडेल त्याला लोक कला म्हणतील. तुम्ही परत आपल्या माणसाजवळ जायचं.

या कामाला टोपणनाव मिळतं. श्वार्त्सनबेक यांना ‘काट्शे’ म्हणत, शिवाय ‘कैसरचा पुट्झर’ही. पुट्झर म्हणजे साफसफाई करणारा. जुन्या फौजेत साहेबाचे बूट चकाकवणारा अर्दली. नाव आवडलं नाही तरी तक्रार करू नका. साहेबाचे बूट चकाकलेले दिसतात, म्हणजे अर्दली कामावर आहे.

क्लब बदलू नका. १९६६ ते १९८१ बायर्न म्युनिक, बुंडेसलिगाचे ४१६ सामने, संपला विषय. त्यातही २१ गोल झालेत, पण ते पंधरा वर्षांत मिळून. अधूनमधून असे अपघात होतात, घाबरून जाऊ नये.

त्यातल्या त्यात मोठा अपघात बुंडेसलिगाबाहेरचा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. १५ मे १९७४, ब्रुसेल्सचं हेझेल स्टेडियम. युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर अ‍ॅटलेटिको माद्रिद. नव्वद मिनिटं कोरडी गेली. जादा वेळेत, ११४व्या मिनिटाला लुइस आरागोनेस यांनी फ्री किक घेतली. चेंडू जाळ्यात गेला आणि गोलरक्षक सेप मायर जागच्या जागी. स्पॅनिश बाकावर आनंदीआनंद. १२०वं मिनिट सुरू. बायर्नकडे गोलांचा कारखाना म्हणावा असा गेर्ड म्युलर होता, पण त्याच्याभोवती माद्रिदने कडं केलेलं. बाकीच्यांवरही एकेक पहारेकरी. मोकळा फक्त एक माणूस, कारण त्याच्यापासून धोका आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

नवशिक्यांनी इथे वही काढावी. श्वार्त्सनबेक चेंडू घेऊन पुढे निघाले. कुणी अडवेना. आणखी पुढे. आता नियमाप्रमाणे चेंडू एखाद्या जाणकाराच्या हवाली करायला हवा होता, पण वेळ उरली नव्हती. गोलपासून पंचवीसेक मीटरवरून त्यांनी जमिनीलगत फटका मारला. गोलरक्षक मिगेल रेइना झेपावेपर्यंत चेंडू कोपऱ्यातून आत. एक-एक.

तेव्हा असा अंतिम सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टीची सोय नव्हती, सामनाच पुन्हा खेळायचा. दोन दिवसांनी, त्याच मैदानावर बायर्न ४-० ने जिंकलं. गोल कुणी केले? उली होनेस यांनी दोन, म्युलर यांनी दोन. श्वार्त्सनबेक आपल्या कामावर रुजू झाले होते. एकदा गोल झाला म्हणून दुसऱ्या दिवसापासून फटके मारत सुटणारे होतकरू आम्ही पाहिले आहेत. तसं करू नये. बायर्नने पुढची दोन वर्षंही हा कप घरी नेला, तोही आमच्या माणसाच्या गोलाविना.

बचावपटूची किंमत कशी मोजायची, असं घरचे विचारतील. त्यांना २२ जून १९७४ चा दाखला द्या. विश्वचषकात हॅम्बुर्गला पश्चिम जर्मनीसमोर पूर्व जर्मनी. भिंतीच्या दोन बाजूंची दोन भावंडं. ६८व्या मिनिटाला श्वार्त्सनबेक यांना बाहेर बोलावून हॉर्स्ट-डीटर ह्योट्गेस यांना उतरवलं. दहाएक मिनिटांत युर्गन श्पारवासर यांनी गोल केला आणि पूर्व जर्मनी १-० ने जिंकलं. दोन गोष्टींचा संबंध आहेच असं आम्ही म्हणत नाही. घरच्यांसमोर मात्र म्हणायला हरकत नाही.

७ जुलैला म्युनिकमध्येच अंतिम सामना, हॉलंडशी. तिथे एक अवघड प्रसंग येतो. सामना सुरू होऊन एकाही जर्मन पायाला चेंडू लागलेला नसताना योहान क्रायफ आत घुसतात, होनेस त्यांना पाडतात आणि योहान नेस्केन्स पेनल्टीवर गोल करतात. अशा वेळी काय करायचं? काही नाही. आपला माणूस शोधायचा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. ब्राइटनर आणि म्युलर पुढचं बघून घेतात. निकाल २-१, तुम्ही जगज्जेते.

शेवटी टाच. पायाच्या मागच्या शिरेचं, अकिलीस टेंडनचं, दुखणं कारकीर्द संपवतं. यात निवडीला वाव नाही. निवृत्तीनंतर बेकेनबाउर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होतील, होनेस क्लबचा कारभार पाहतील, दूरदर्शनवर कुणी ना कुणी मत मांडत असेल. तुम्ही म्युनिकच्या आऊ भागात स्टेशनरीचं दुकान चालवा. वह्या, पेन्सिली, पाकिटं, वर्तमानपत्रं. जुन्या क्लबच्या कचेरीला कागद लागतोच, तेव्हा गिऱ्हाईकही ओळखीचंच मिळतं. माल नीट रचून ठेवा, म्हणजे मागितलेली वस्तू पटकन हाती लागते. इथेही मागच्या बाजूची शिस्त तुमच्याकडेच आहे.

कधीतरी एखादा जाडजूड गृहस्थ खोडरबर घ्यायला येईल, पैसे देता देता थबकेल आणि ब्रुसेल्सचा तो फटका नक्की किती मीटरवरून मारला होता, असं विचारेल. उत्तर तयार ठेवा, आणि सुट्टे फेनिगही.